चार तासांवर लेक

॥ श्री ॥
ता. ४

चि. चिमीस दादाचे पोटभर आशीर्वाद.

आई यायला तयार झाली! तुझ्या बाळंतपणाला ती हवी म्हणून तू रडकुंडीला आली होतीस ना, तर ऐक. अर्ध्या दिवसाहून जास्त एका जागी बसणार नाही, पाय सुजतात, हा तिचा हट्ट तुला ठाऊकच आहे. पण तू कळवलेल्या विमानाची वेळ मी नीट पाहिली. निघायचं सकाळी दहाला, पोचायचं त्याच दिवशी दुपारी दोनला. म्हणजे चार तास! मी सुतार माणूस, दोन खुणांमधलं अंतर मला कळतं. आईनं लगेच बोचकं बांधलं. पण बाईसाहेब, चार तासांवर राहून सात वर्षं माहेरी फिरकला नाहीत? भेटलीस की कान उपटणार आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा

ता. ९

ती. दादास सा. न.

पत्र वाचून इतकी हसले की पोटातलं बाळ ढुशा द्यायला लागलं. अरे सुतारदादा, तुझ्या दोन खुणा दोन वेगळ्या पट्ट्यांवरच्या आहेत! इथलं घड्याळ तिथल्यापेक्षा दहा तास मागे. विमान सूर्याच्या मागोमाग पळतं, म्हणून दिवस मावळत नाही. खरे तास चौदा, आणि मध्ये कुठे थांबत नाही.

हसून झालं आणि मग रडू आलं. हे दिवसभर कामावर असतात. शेजारीण भली आहे, पण तिचं बोलणं मला अर्धंच कळतं. मला भीती वाटते, दादा. हे चौदा तास आईला सांगू नकोस. एकदा विमान उडालं की ती उतरून जाणार कुठे?

वहिनीला नमस्कार. माया अशीच असू दे.

तुझी चिमी

॥ श्री ॥
ता. १५

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळी देवापुढे हात जोडले आणि शब्दच जुळेनात. आईला फसवून तिच्याच प्रवासाची खुशाली कशी मागायची? शेवटी सांगून टाकलं. तिनं बोचकं सोडलं, लुगडी फळीवर ठेवली आणि न जेवता झोपली. मलाही घास गेला नाही.

काल पहाटे पाहतो तर अंगणात खुर्ची, खुर्चीत आई, कमरेला बाजेची दोरी. काय झालं विचारलं, तर विमानात बसलेय, मध्ये मध्ये करू नकोस, म्हणाली. तुझ्या वहिनीनं ताट मांडीवर दिलं, तर विमानवाल्यांना मीठ घालता येत नाही म्हणून नावं ठेवली. पाय मोकळे करायला उठू देतात असं सांगितल्यावर गोठ्यापर्यंत फेऱ्या मारून आली. बघायला जमलेल्या म्हाताऱ्यांशी तर ढगात असल्यासारखी वरूनच बोलत होती. ऊन आलं म्हणून मी खुर्ची सरकवायला गेलो, तर म्हणते, विमान काय तू ढकलणार?

दिवेलागणीला चौदा तास भरले. तिनं दोरी सोडली, पाय चाचपले, दोन पावलं लंगडत चालली. सुजलेत, पण चालतात, म्हणाली. लेकीला तिकीट काढायला सांग.

आमच्यावरचा जीव असाच राहू दे, आणि आता स्वस्थ झोप.

तुझा दादा