हंडा पालथा घालायची रीत

कुरुंदवाड,
८ ऑक्टोबर २०२५

ती. शालूआक्कास,
बाळासोचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या डोंगरात मोबाईलची रेंज पाहुण्यासारखी, आली तर आली. म्हणून पत्र.

स्नेहलला लग्नात मामाकडून द्यायचा स्टीलचा हंडा आणला. भांडीवाला चमन म्हणाला की मामा, थेंब जरी गळाला तर मिशी उतरवतो. त्याची मिशी जाड असली तरी माझा विश्वास पातळ. म्हणून नळाचं स्वच्छ पाणी काठोकाठ भरून हंडा पुढच्या सोप्यात ठेवलाय. थेंब नाही गळाला, उलट शुभशकुन झाला! पाण्यात बारीक बारीक मासोळ्या झाल्यात, वळवळत वरखाली करतात. कृष्णामाईचं पाणी, दुसरं काय? मी दिवसभर तिथंच बसून त्यांना चुरमुरे घालतो.

डास मात्र फार झालेत. ते सगळे शेजारच्या अमरसिंहच्या गटारातले. त्याच्याशी बोलणं टाकलंय आणि रात्री मच्छरदाणीत झोपतो.

लोभ आहेच, त्यात चंदगडी काजूची भर पडावी.

तुझा,
बाळासो


ता. चंदगड,
१५ ऑक्टोबर

चि. बाळासोस,
शालूआक्काचे अ. उ. आ.

मासे हंड्यात पाळ नाहीतर मोरीत, तुला लहानपणापासून अक्कल बेताचीच. पण एक ध्यानात ठेव. स्नेहलचे बाबा गेल्यापासून तिला तूच बापाच्या जागी. काल ती म्हणाली की मामा पाठीशी उभा नसंल तर मी बोहल्यावर चढणार न्हाय. पोरगी माझ्यासारखीच हट्टी आहे, खरंच चढायची नाही. तब्येत सांभाळ. चिमणाबाईला सांग, नवऱ्याच्या चुरमुऱ्यांवर नजर ठेव.

लोभ असू दे, अमरसिंहवरचा राग सोड.

शालूआक्का


कुरुंदवाड,
३ नोव्हेंबर

ती. वन्संना,
चिमणाबाईचा शि. सा. न. वि. वि.

यांची बोटं पेन धरेनात, म्हणून मी लिहिते. घाबरू नका.

दिवाळीच्या सुमारास गल्लीतली माणसं कमरेत वाकून चालायला लागली. यांना वाटलं, आपला मान वाढला. हेही प्रत्येकाला वाकून नमस्कार घालायला लागले, आणि एके सकाळी वाकले ते सरळच होईनात. सणसणून ताप, सांधे सुजलेले. रक्त तपासलं तर चिकुनगुनिया निघाला. दवाखान्याच्या बाकावर शेजारी अमरसिंहभावजी, तेही तसेच. डास कुणाचे यावरून दोघं कण्हत कण्हत भांडले.

शेवटी डॉक्टरीणबाई घर बघायला आल्या. गटाराकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाल्या की हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि चावतो दिवसाढवळ्या. मग हंड्यात डोकावल्या आणि विचारलं की ह्या अळ्यांना चुरमुरे कोण घालतंय? वन्सं, त्या मासोळ्या म्हणजे डासांची पिल्लं! अमरसिंहभावजी इतके हसले की त्यांचे गुडघे परत धरले.

हंडा ओतला, काठाला चिकटलेली अंडी जातील असा घासला. ह्या विषाणूला मारणारं औषध नाही म्हणे. विश्रांती, भरपूर पाणी आणि त्यांनी दिल्या तेवढ्याच गोळ्या. ताप असेतो डासांनी यांना चावून रोग पुढं नेऊ नये म्हणून दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवलं होतं. ताप गेला, पण सांधे काही आठवडे दुखतील. रडतात हो. म्हणतात की उभा कसा ऱ्हाऊ, आणि लग्नघरात ह्यो रोग घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? येत नाही म्हणून कळवायला सांगितलंय.

तुमच्या लोभावर घर उभं आहे.

चिमणाबाई


ता. चंदगड,
१० नोव्हेंबर

चि. बाळासोस,
आ., आणि त्याहून जास्त शिव्या.

भावकी म्हणाली की त्याला बोलवू नका, जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना लागेल. मीही रात्रभर तळमळले. मग आमच्या आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की शिवून, शेजारी जेवून काही होत नाही. तापाच्या माणसाला चावलेला डास दुसऱ्याला चावला तरच होतं. तुझा ताप गेलाय. मी भावकीला सांगितलं, माझा भाऊ येणार, ज्याला भ्या वाटतंय त्यानं घरी पिठलं खावं.

तू ये. काठी टेकत ये, रांगत ये, पण तिच्या पाठची जागा रिकामी ठेवू नकोस. हंडा आण. कोरडा, आणि पालथा.

वाट बघते. लोभाचं नंतर बघू.

आक्का


गडहिंग्लज,
२१ डिसेंबर

ती. मामांना,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

सासरी सगळं छान. तुमच्या हंड्यानं मात्र गोंधळ घातलाय. लग्नात तो पालथा बघून सासूबाईंनी कारण विचारलं, तर आई गडबडली आणि म्हणाली की आमच्यात रीतच हाय, दर रविवारी हंडा ओतून, घासून पालथा घालायचा, न्हायतर सून रुसते. सासूबाईंनी मनावर घेतलंय. त्यांचं बघून आज अख्ख्या गल्लीत हंडे, घागरी पालथ्या होत्या. खरं सांगणार होते, पण मग परत सगळे भरून ठेवतील. म्हणून गप्प बसलेय, आणि रविवारी थोडं रुसल्यासारखं करते.

एक सांगायचं राहिलं. मंगलाष्टकं चालू असताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. सगळ्यांना वाटलं, मामा आशीर्वाद देतोय. तुमचा सगळा भार त्या हातावर होता, मला कळत होतं. तरी तुम्ही खुर्ची मागितली नाहीत. भटजींनी आणखी एक मंगलाष्टक म्हटलं असतं तरी मी तुम्हाला पडू दिलं नसतं.

सांधे कसे आहेत ते तुमच्या हातानं लिहून कळवा, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. असाच हात राहू दे.

तुमची,
स्नेहल

ता. क. हंडा अजून गळत नाही. भांडीवाल्या चमनची मिशी राहू द्या.