खडा उलटून पाहिला

ती. आईस,
तुझ्या लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

कोट्यवधी वर्षांपूर्वी राळेच्या खड्यात अडकलेली, अळ्यांच्या अंगात अंडी घालणारी माझी गांधीलमाशी अखेर आपल्या खऱ्या कुळात गेली. आमच्या सरांनी तीस वर्षांपूर्वी पंखावर एक शीर जास्त मोजून तिला भलत्याच कुळात घातलं होतं. तू शिवण उलटून तपासतेस, तसा मी खडा मागून घासून पाहिला. ती शीर नव्हतीच, राळेतली भेग होती. मग तो सरांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि खड्यावरची कुळाच्या नावाची जुनी चिठ्ठी स्वतःच खोडली.

माझे डोळे ठीक आहेत, सूक्ष्मदर्शकात बघून चुरचुरतात एवढंच. तुझ्या मोतीबिंदूचं दादाने काही ठरवलं का?

“उलटून बघायला कुणी शिकवलं?” सरांनी विचारलं. म्हणून या शोधावरच्या लेखाच्या आभारांत पहिलं नाव तुझं आहे. हुद्दा म्हणून मी ‘लेडीज टेलर’ लिहिलंय.

तुझी,
धाकटी