साक्षीदाराचं नाव

मुलुंड,
९ जुलै १९८४

तीर्थरूप सासूबाईंना सुगंधाचा नमस्कार.

मला भावाकडे येऊन चौदा महिने झाले. गेल्या महिन्यात वकील क्षमाताईंनी घटस्फोटाचे दोन मार्ग सांगितले. छळाचा दावा लावायचा, नाहीतर दोघांनी मिळून संमतीचा अर्ज करायचा. "छळाला साक्षीदार लागतो गं. कोणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

पाहिलंत ते फक्त तुम्ही, आई. घाटकोपरच्या त्या एका खोलीत आणखी होतं कोण? ह्यांनी माझा हात पिरगळला तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. नंतर हळद लावताना म्हणालात, "कोर्टात इचारल्यानी तर मी खोटा बोलूचंय नाय."

तुम्ही खरंच बोलाल, मला ठाऊक आहे. पण संध्याकाळी परत त्याच खोलीत, ह्यांच्यासमोर जाल. तुम्हाला कुठे मुलुंडला भाऊ आहे?

म्हणून मी म्हटलं, "कोणी नाही पाहिलं." संमतीच्या अर्जात "आमचं पटत नाही" एवढं लिहिलं की पुरतं. मारहाणीचा शब्द नाही म्हटल्यावर हे लगेच तयार झाले. आज अर्ज दाखल झाला. सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टात उभं राहायचं, मग सुटका.

चाळ काय म्हणायचं ते म्हणेल. पण तुम्ही मध्ये पडलात, हळद लावलीत, ते सगळं मी विसरले, असं तुम्हाला वाटेल, एवढंच लागतं मनाला.

हे पत्र टाकता येणार नाही. तुम्हाला आलेलं पत्र हेच वाचून दाखवतात.

अजून सहा महिने तुमची सून,
सुगंधा