कॅसेटवाल्यांचा वर्ग

ता. १२, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. म्हणजे झाला नाही, मीच केला. तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा चहाला उठलो. भाचीचा हलणारा दात पडला का?

नवं काम बरं आहे. आधीचं, तंबू ठोकायचं, सुटलं. ती गंमत भेटलो की सांगेन. एका बंद शाळेत प्रदर्शन मांडलंय, तिथे मी राखणदार, झाडूवाला, पडेल ते. एकेका वर्गात एकेक पिढी: रेडिओवाली, कॅसेटवाली, मोबाइलवाली. दहा-पंधरा वर्षं भरली की भिंत. तू कॅसेटच्या वर्गात, मी मोबाइलच्या. एका ताटात जेवलेले आपण, आणि मध्ये कडी लावलेलं दार. मांडणाऱ्या बाई म्हणतात, माणूस पहिलं गाणं ज्या यंत्रावर ऐकतो ती त्याची पिढी. मी विचारलं, घरात कुणी गाणं लावलंच नाही तर? त्यांनी मला खुर्च्या पुसायला पाठवलं.

बरं, लिहितो आता. बाबांच्या कपाटातला टेपरेकॉर्डर मीच इथे प्रदर्शनात आणला. विचारलं नाही. आत कॅसेट होतीच.

येणाऱ्यांनी लाल बटण दाबून आपल्या पिढीबद्दल दोन वाक्यं बोलायची, अशी बाईंची कल्पना. पण बटण बसेना. निरखून पाहिलं, तर कॅसेटच्या वरच्या कडेची इवलीशी खिट्टी तुटलेली. म्हटलं, जुनी वस्तू, मोडली असेल. भोकावर चिकटपट्टी लावली, बटण खटकन बसलं. बाईंनी शाबासकी दिली आणि मी ती घेतलीसुद्धा.

नऊ दिवस लोक बोलत होते.

काल एक घड्याळं दुरुस्त करणारे काका आले, बाबांच्याच वयाचे. चिकटपट्टी दिसताच त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "बाळा, ही खिट्टी मुद्दाम मोडतात. आतलं कुणी पुसू नये म्हणून."

त्यांच्यासमोरच मी कॅसेट लावली. लोक, खोकले, कुणाची तरी शिट्टी. आणि अगदी शेवटी एक बाई. तुझ्याकडून कविता म्हणून घेतेय. तू चुकतेस, ती हसते. मागे तान्हं मूल रडतंय. ते मीच असणार. मिनिटभरसुद्धा नाही, मग खर्र.

तू आणि बाबा दार लावून ऐकत बसायचात, मला वाटायचं गाणी असतील. लहान म्हणून मला आत घेतलं नाहीत, पण नंतर तरी सांगायचंत ना कुणीतरी. राग तुमच्यावर काढतोय, कळतंय मला. आईचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला ताई, तोही बाकी सगळा पुसून टाकल्यावर.

बाबांना सांगायचं धाडस नाही. तू आधी बोलावंस, मग मी यावं, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो होतो.

आत्ता बाई सांगून गेल्या, कॅसेटच्या वर्गात एक गृहस्थ चपला दाराशी काढून टेपरेकॉर्डरसमोर बसलेत, माझं नाव घेताहेत. खिडकीतून पाहिलं. बाबाच. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा न जाणारा माणूस.

अजून त्यांनी ऐकायचं बटण दाबलेलं नाही. तू आता मध्ये पडू नकोस. दाबायच्या आधी मला तिथे पोचायला हवं.

तुझा,
धाकटा