एका लोकरी कोटाच्या धुलाईबद्दल शिझुएताईंना

नागाओका, ४ जुलै

आदरणीय शिझुएताई,

आधी हिशेब. लोकरी कोट, शाळेचा, गडद निळा, नग एक. आमच्या दरपत्रकात याची धुलाई बाराशे येन. घरचा म्हणून मी काहीच लावलं नाही. प्रत्यक्षात तो पडला असा: बायको एक (आज सत्तावीस दिवस झाले), माझं वजन तीन किलो, करपलेल्या भाताची पातेली दोन, तुमच्या बेटावरच्या जहाजाची एक वाया गेलेली फेरी, आणि दुकानातल्या ओकुनोबाईंचं बोलणं, जे अजून चालूच आहे. इतकी महाग धुलाई माझ्या तिन्ही दुकानांत मिळून एकाही गिऱ्हाइकाला पडलेली नाही.

पण मी घाई केली. थोरल्या मेहुणीला पत्र लिहायचं तर आधी ऋतूबद्दल चार शब्द हवेत, हे मला ठाऊक आहे. तर, पाऊस लागून राहिला आहे, गावात कुणाचेही कपडे वाळत नाहीत, धंद्याला उत्तम. ऋतू संपला. तुमचे गुडघे कसे आहेत? दिवसभर धक्क्यावर उभं राहून सुकी माकूळ विकायची म्हणजे ओल चढणारच. लोकरीचे पट्टे बांधत जा (आणि बांधलेत तर गरम पाण्यात धुऊ नका, आटतील). नोबुए बरी असेलच. मी नऊ वेळा फोन केला आणि नऊही वेळा तुम्ही म्हणालात, ती न्हाणीघरात आहे. मी स्वच्छतेवर पोट भरणारा माणूस, मला काय बोलायचं तोंड? पण सकाळी दहालाही न्हाणीघर, दुपारी तीनलाही न्हाणीघर. तुमच्या बेटावर पाण्याची चंगळ दिसते.

पत्राचं कारण किरकोळ आहे. तुमच्या आईने तुम्हा दोघी बहिणींना लग्नात वाटून दिलेला तो लोणचं मुरवायचा तांदळाचा कोंडा. आमच्या वाट्याचं लाकडी पिंप स्वयंपाकघरात आहे, आणि त्यात रोज हात घालून कोंडा खालीवर करावा लागतो, हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, तेही वासावरून. आता मी रोज सकाळी घालतो हात. पण त्याला बहुधा परका हात कळतो; काकडी आत जाते काकडी म्हणून आणि बाहेर येते तक्रार म्हणून. मीठ वाढवू की मोहरी घालू, एवढंच कळवा. बाकी काही नाही.

मात्र लिहायला बसलोच आहे, तर कोटाचं माझ्या बाजूनेही सांगतो. नोबुएने तिची बाजू सांगितली असेल. (तिला ओळखतो त्यावरून, काहीच सांगितलं नसेल. ते जास्त वाईट.)

मी कोण ते तुम्हाला सांगायला नको. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात इस्त्रीखालचे कपडे ओले करायला लागलो, आज माझ्या नावाच्या तीन पाट्या आहेत आणि तिन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: शाईसकट सर्व डाग काढून मिळतील. शाई म्हणजे कुंचल्याची, काजळीची. या जिल्ह्यात दुसरा कोणी ती घेत नाही. शाई पाहिली की बाकीचे दुकानदार छापील चिठ्ठी काढतात, ‘प्रयत्न करूनही डाग निघाला नाही, क्षमस्व’, आणि कपड्याला टाचून मोकळे होतात. पहिलं दुकान उघडलं तेव्हा त्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मीही छापून घेतला होता. एकतीस वर्षांत त्याची दोरीसुद्धा सोडलेली नाही. हिशेबाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली तो कामाला येतो.

तर जूनचा पहिला आठवडा. सगळा देश एकाच दिवशी हिवाळी कपडे काढून उन्हाळी चढवतो, आणि काढलेलं सगळं माझ्या दारात येऊन पडतं. दर वर्षी सगळ्यांत शेवटी मी आमच्या घरचे कपडे नेतो. या वर्षी नेताना दाराजवळच्या खुंटीवरचा तेप्पेईचा कोटही उचलला. सव्वादोन वर्षं तो तिथेच होता. शाळेतून आल्यावर पोराने जसा टांगला तसाच, एक खांदा खाली. त्यानंतर चार दिवसांचा ताप आला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी रोज घरी येताना तो कोट बघून म्हणायचो, आज लवकर आला वाटतं. मग चपला काढायचो. ताई, सव्वादोन वर्षं रोज असं म्हणून बघा. मला वाटलं, धुवावा, घडी घालावी, डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवावा, म्हणजे दोघांनाही घरात शिरता येईल. नोबुएला विचारायला हवं होतं. पण आमच्याकडे तेप्पेईबद्दल बोलायचं कोणी हाच प्रश्न होता. मी तिची वाट बघायचो, ती माझी.

तीन दिवस खपलो मी त्या कोटावर. स्वतः. इस्त्रीवाल्या ओकुनोबाई, ज्या माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत, त्या म्हणाल्या, “मालक, बाईंना विचारलंत?”

“चकित करायचंय तिला.”

“मग होतील.”

कोट दुकानाच्या रीतीने तयार केला. बाह्या आत दुमडून टाके घातले, वरून पारदर्शक पिशवी, नंबराची पट्टी. खिशात जे सापडेल ते पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत करायचं असा आमचा नियम, तो पाळला: बसचं तिकीट, खोडरबर, गोळीचा कागद. नोबुए बाजारातून आली तेव्हा मी खुंटीशेजारी उभा होतो.

“तेप्पेईचा कोट?”

“हा काय!” मी म्हणालो. (काउंटरवरचा आवाज. तो लागलाच.)

तिने पिशवी फाडली, कॉलर नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली. मी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, “एकही डाग शिल्लक नाही. बघ हवं तर.”

“कॉलरचा पण?”

“कॉलर तर आधी घेतली. तिथेच तर सगळं असतं.”

ती म्हणाली, “छान झालाय.” ताई, माझे कान तयार आहेत. गिऱ्हाईक ‘छान झालाय’ म्हणतं तेव्हा ते पुन्हा येणार की नाही, हे मला पायऱ्या उतरायच्या आधी कळतं. हे पुन्हा न येणारं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाकून ठेवलेली, खिशातल्या वस्तूंचं पाकीट गेलेलं, कोट खुंटीवर, आणि तुमच्याकडे जाते अशी एका ओळीची चिठ्ठी.

गावात बातमी माझ्याच दुकानातून पसरली. मी कपड्यांच्या रांगेमागे होतो, पुढे दोन बायका.

“बायको गेली म्हणे ह्यांची.”

“अगंबाई! कशावरून?”

“कोट धुतला म्हणून.”

“माझ्या नवऱ्याने एक पेला विसळला ना, तर मी त्याला देव्हाऱ्यात बसवीन.”

“बसव, पण आधी बघ कोणाचा पेला विसळतोय.”

ही दुसरी कोण, ते सांगत नाही. पण तिचे कपडे मी हल्ली जास्त काळजीने धुतो.

चूक कळल्यावर मी दुरुस्तीला लागलो. ज्या माणसाने आयुष्यभर वास काढले त्याला घालता येणार नाही का? तेप्पेईचा साबण आणला, कॉलरला लावला. स्टेशनाजवळचे बटाट्याचे तळलेले वडे तो रोज खायचा, ते कागदात बांधून खिशात ठेवले. (खिशाला तेल लागलं. ते काढलं.) शेवटी कोट घेऊन तलवारबाजीच्या आखाड्यात गेलो. तिथल्या हानामुरा गुरुजींना म्हणालो, पोरांची घामट चिलखतं टांगता त्या खोलीत हा काही दिवस राहू दे.

“किती दिवस?”

“वास येईपर्यंत.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “त्याचा वास कसा होता?”

मी म्हणालो, बघतो, सांगतो. ताई, मला आठवेना. एकतीस वर्षं नाकात दुकानाचं औषध बसलं आहे. पोर जवळ यायचं तेव्हाही मला औषधाचाच वास यायचा. तो वास फक्त नोबुएकडे होता आणि त्या कॉलरमध्ये. सहा दिवसांनी कोटाला वास आला, जबरदस्त आला, पण दुसऱ्यांच्या पंधरा पोरांचा. पुन्हा धुतला.

मग मी जहाजात बसलो. तुमच्या धक्क्यावर उतरलोसुद्धा. तुम्ही छत्रीखाली माकूळ उलटत होतात आणि कुणाला तरी दरावरून झापत होतात. मी समोरच्या टपरीत एक वाडगा शेवया खाल्ल्या आणि त्याच जहाजाने परत आलो. तुम्ही मला पाहिलं नाहीत, असं मी धरून चालतो.

गुडघ्यांना जपा. नोबुएला माझा विषय काढू नका.

आपला नम्र मेहुणा,
इवाओ

ता. क. कोंड्याबद्दल कळवायची तसदी घेऊ नका. ओकुनोबाईंनी पहिल्याच आठवड्यात मोहरी घालून तो ताळ्यावर आणला. काकड्या उत्तम होतात. पत्राला काहीतरी कारण हवं होतं.

ता. क. २. नोबुएला माझा विषय काढू नका असं वर लिहिलं आहे, ते खोडलेलं समजा. ओबोनला, पितर घरी येतात त्या सणाला, सहा आठवडे उरले. पितरांसाठी दारात जाळ मी करीन, त्यांना बसून यायला काकडीचा घोडाही करीन (काल दोन केले, दोन्ही बसले). पण पोरगा घरी येणार आणि दारात मी एकटा. तो पहिलं विचारील, आई कुठंय? मी काय सांगू, न्हाणीघरात आहे? ताई, तिला पाठवा. किंवा मी आलो तर निदान या वेळी मला पाहा.

ता. क. ३. सोबतच्या खोक्यात वर तांदळाच्या चकत्या आहेत, त्या तुम्हाला. खाली कोट आहे, तो तिला. तो टांगायच्या आधी बाह्यांचे टाके उसवायला सांगा. तेप्पेईने त्या वर्षी नववर्षाचं पहिलं अक्षर लिहिताना कुंचला धरलेल्या हाताने नाक पुसलं होतं, शाई कोटाच्या बाहीवर, नोबुए ओरडता ओरडता हसायला लागली होती. मी म्हणालो होतो, आण, काढून देतो. तर म्हणाला, “राहू दे ना बाबा, नाही जमलं तर तीन पाट्या बदलाव्या लागतील.” त्या बाहीचं मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, बाह्या उगाच आत दुमडल्या नव्हत्या. आज टेबलाखालचा गठ्ठा काढला, दोरी सोडली आणि पहिली चिठ्ठी कोटाला टाचली आहे. ‘प्रयत्न करूनही डाग निघाला नाही, क्षमस्व.’ खाली हाताने लिहिलं आहे: उजवी बाही, शाई, तीनदा धुऊन.