माळ्यावरची ऐनाची लाकडं

मी, तुळजाबाई महिपती उतेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार वरची वाडी, तालुका पोलादपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी सातवी झाली आहे. छातीत पाणी झालंय असं डॉक्टर म्हणतात. डोक्यात झालेलं नाही.

१. बंगला मुलगा प्रवीण याच्या नावावर आहे. त्यावर माझा हक्क नाही आणि जीवही नाही. मुंबईच्या पैशाने त्याने तो बांधला, चकचकीत फरशी घातली आणि सांगितलं, "आये, धुरानं रंग काळा पडतो. घरात चूल पेटवायची नाय." तो येतो गणपतीला आणि शिमग्याला. आमचा आषाढ त्याला माहीत नाही. त्या फरशीवर पहिल्याच पावसाळ्यात माझ्या मालकांच्या अंगात गारठा शिरला, तो निघालाच नाही. सरणाची लाकडं ओली होती. प्रवीणने बापाला टायर आणि डिझेल घालून जाळलं. तो वास मी विसरलेले नाही.

२. बंगल्यामागचा गोठा व त्याखालची जमीन मालकांनी हयातीतच माझ्या नावे केली. ते गेल्यापासून मी तिथेच चूल मांडून राहते. गोठा, जमीन, गाय व भांडीकुंडी मी प्रवीणची मुलगी निशिगंधा हिला देते. तिने न विचारता लग्न केलं तेव्हा प्रवीण म्हणाला होता, "माझ्या घराची पायरी चढायची नाय." होळीनंतर तिचा नवरा सहदेव अपघातात गेला आणि ती पोटुशी माझ्याकडे आली. श्रावणात बाळंत होईल. तिला गोठ्यातून कोणीही उठवू नये.

३. निशी, हे तुझ्यासाठी. पावसाचा मार येतो त्या बाजूला कुडाच्या भिंतीवर गवताच्या पेंढ्या बांधल्यात, त्या सोडू नकोस. वाकळेखाली सुका पेंढा घाल. ओलसर लागला की बदल. निजताना निखारे राखेत पुरून ठेव. चूल विझली की आधी कुडाला बुरशी धरते, मग माणसाला. गाय वाऱ्याच्या बाजूला बांध. शेणाच्या वासाला नाक मुरडू नकोस, ऊब तिचीच असते.

४. प्रवीणने आणलेलं मऊ ब्लँकेट त्याला परत द्यावं. पिशवी उघडलेली नाही. कोयता शेजारच्या सुंदराबाईला. माझी तांबडी कोंबडी कुठे गेली ते मला ठाऊक आहे, तरी.

५. चुलीवरच्या माळ्यावर ऐनाची सुकी लाकडं आहेत. ती मी माझ्या सरणासाठी राखली होती. मालकांसारखं जळायचं नाही, एवढंच मनात धरून उन्हाळ्या-उन्हाळ्यात वर चढवली. सगळ्या वाडीला ते माहीत आहे. आता ती निशीची. बाळंतिणीच्या शेकाला, न्हाणीच्या पाण्याला, लेकराची दुपटी वाळवायला. मी याच पावसात गेले तर लोक म्हणतील, म्हातारीचीच लाकडं, उतरवा. चार माणसांत मान राहावा म्हणून प्रवीणही शिडी लावेल. माळ्याला कोणालाही हात लावू देऊ नये. त्यासाठीच हा कागद. मला ओल्या लाकडांवर ठेवा. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण मेलेल्याला थंडी वाजत नाही, बाळंतिणीला वाजते.

६. अग्नी प्रवीणनेच द्यावा. पेट घेत नसेल तर डिझेल कुठे मिळतं ते त्याला ठाऊक आहे. मग तो भिजून, काकडत परत येईल. बंगल्यात शेकायला काही नाही. निशी, त्याला चुलीपाशी बसू दे. बाप आहे. लेकरू त्याच्या मांडीवर द्यायचं की नाही, ते तू ठरव.

दोन्ही साक्षीदार माझ्या चुलीजवळ बसले असताना मी त्यांच्यादेखत सही केली, त्यांनी माझ्यादेखत.

स्थळ: वरची वाडी, ता. पोलादपूर, जि. रायगड
दिनांक: १४ जुलै २०२५

सही: तुळजाबाई महिपती उतेकर

साक्षीदार:
१. रावजी धोंडू सकपाळ, निवृत्त शिक्षक, राहणार मौजे नाते (सही)
२. जानू बाबू कळंबे, वरची वाडी (डाव्या हाताचा अंगठा)