ॲल्युमिनियमची खिट्टी

रविवार, ३१ ऑगस्ट. केलीव्हिल, सिडनी.
आजपासून रोज लिहिणार. ही डायरी कुणी वाचायची नाही. वाचली तर तंगडी तोडीन.
मंजिरीने आज क्लबात पंचवीसपैकी तेवीस थाळ्या फोडल्या. मशीन मातीची थाळी हवेत भिरकावतं, ती खाली यायच्या आत शॉटगनने उडवायची, असा तो खेळ. ५ ऑक्टोबरला स्टेट टीमची ट्रायल आहे. तीन वर्षं हेच एक वेड घेऊन बसलीये बाई. जिन्यावरून पडून मनगट मोडलं, दुनाळी बंदूक झेपेना, तरी सोडलं नाही. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर मोठ्या मुश्किलीने हलकी सेमी-ऑटो मिळवली. तीन वर्षं मीही दर रविवारी पार्किंगमध्ये बसतो. म्हणजे मेहनत दोघांची.
लायसन्स तिचं, तिजोरीची चावी तिची. माझं लायसन्स राहिलं. सेफ्टी कोर्सच्या इन्स्ट्रक्टरला अक्कल नव्हती, ते त्याला जरा मोठ्याने सांगावं लागलं. आणि खुर्ची मी फेकली नव्हती. सरकली.
पण शस्त्र माझ्या रक्तात आहे. नावच चंद्रहास, रावणाची तलवार. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कँटीनला, पण कारखान्यातच.
निरीक्षण: बंदुकीच्या उजव्या अंगाला जी खिट्टी असते, जी मागे ओढून बंदूक भरतात, ती स्टीलची आहे. उगाच वजन. ॲल्युमिनियमची केली तर अकरा ग्रॅम वाचतील. मंजिरीला सांगितलं. म्हणाली, अकरा ग्रॅम गेले खड्ड्यात, माझ्या बंदुकीला हात लावायचा नाही.
खेळाडूंना विज्ञान कळत नाही. सरप्राइज देणार.

शनिवार, ६ सप्टेंबर. दुपार.
यतिनच्या गराजमध्ये छोटं लेथ आहे. यतिन माझा पुण्याचा बॅचमेट. दोघंही मेकॅनिकल, दोघंही आयटीत. बंदुकीचं नाव काढलं असतं तर घाबरला असता, म्हणून कपाटाची मूठ करायचीये असं सांगितलं.
लेथचा जबडा, म्हणजे चक, आवळायची चावी त्यातच राहिली आणि मी बटण दाबलं. चावी सुटली ती यतिनच्या कानाला चाटून थेट गराजच्या दारातून आरपार. यतिनने माझी कॉलर धरून मला फ्रीजवर आपटलं. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. वरच्या रॅकवरचा रंगाचा डबा दोघांच्या डोक्यावर आला.
असल्या भेकड माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही.

रविवार, ७ सप्टेंबर.
यतिनकडे चकल्या घेऊन गेलो. लेथ त्याच्याचकडे आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर.
सकाळी मॅगपायने डोकं फोडलं. दर स्प्रिंगला हा पक्षी मलाच गाठतो. रक्त डोळ्यात आलं. टाळकं सटकलं, क्रिकेटची बॅट घेऊन मागे लागलो. एक फटका सणसणीत बसला. गाडीच्या काचेला. मॅगपाय दिव्याच्या खांबावर बसून बघत होता.
ऑफिसात सांगितलं, ॲक्सिडेंट.

शनिवार, २० सप्टेंबर.
पहिली खिट्टी वाकडी. दुसरी आखूड. तिसरी हातोड्याने सरळ करताना अंगठ्यावर घाव. डोळ्यांसमोर काजवे चमकले. हातोडा भिरकावला तो यतिनच्या बार्बेक्यूवर. यतिन म्हणाला, आयुष्यात कपाटाची मूठ एवढ्या शिव्या देऊन केलेली पाहिली नाही. चौथी कानस मारताना तळहातात घुसली, इमर्जन्सीला जाऊन टाके घालून आलो.
पाचवी मात्र झाली! काय देखणी आहे! मैथिलीला दाखवली. ही आमची मुलगी, इयर टेनला. म्हणाली, इज दॅट अ गोल्फ टी? म्हणजे गोल्फचा बॉल ठेवायची खुंटी! हल्लीची पिढी.

रविवार, २८ सप्टेंबर.
मंजिरीच्या आज प्रॅक्टिसला पंचवीसपैकी पंचवीस. स्टीलची खिट्टी असून! माझी लावल्यावर काय होईल या विचाराने मलाच घाम फुटला.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.
मोहीम फत्ते.
वर्षातून एकदा मंजिरी बंदूक पूजेसाठी बाहेर काढते. रिकामी, पाटावर, आणि स्वतः समोर उभी राहून. हळदकुंकू, झेंडूची फुलं, सगळं झालं. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं आणि ती वळली. दूध मीच ठेवलं होतं.
जुनी खिट्टी ओढली, नवी सरकवली. डुगडुगायला लागली. च्यायला! पण इंजिनियर हरत नसतो. नळ गळायला लागला की प्लंबर आट्यांना सुतळी गुंडाळतो, तशी पूजेच्या ताटातली नाडाछडी खिट्टीच्या बुडाला गुंडाळली आणि दाबून बसवली. घट्ट! शिवाय मंगल. वरून काळा मार्कर फिरवला. मंजिरी आली, नमस्कार केला, बंदूक तिजोरीत गेली. माझ्या डोळ्यात पाणी आलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
सीमोल्लंघन केलं. मागच्या क्रीकपर्यंत चालत गेलो आणि जुनी खिट्टी पाण्यात फेकून दिली. आता माघार नाही.
मंजिरीला झोप नाही. म्हणाली, एवढी एक ट्रायल नीट होऊ दे, मग काही मागणार नाही. मी मिशीत हसलो.

रविवार, ५ ऑक्टोबर. हॉस्पिटल.
बोलता येत नाही. लिहितो.
मंजिरीचं नाव पुकारलं. तिने खिट्टी ओढली, थबकली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवला. प्रेक्षक दोरीच्या मागे होते. मी सूचना द्यायला दोरी ओलांडून तिच्या उजव्या हाताला गेलो होतो. रेफ्री माझ्यावर ओरडायला वळला, तोपर्यंत तिने थाळी सोडायची हाक, ‘पुल’, दिली होती.
थाळी फुटली. माझं तोंडही. पहिल्याच बाराला खिट्टी बंदुकीतून सुटली आणि सणकन माझ्या बत्तिशीवर. समोरचे दोन दात गेले, ओठ फाटला, शर्ट रक्तबंबाळ. सगळे मला धरायला धावले. मंजिरी नाही धावली. ती हातातल्या बंदुकीकडे बघत उभी होती. मग विचारलं, जुनी कुठेय? फक्त तेवढंच. मी क्रीकच्या दिशेने हात केला.
क्लबच्या कोच कादंबरीताईंनी त्यांची दुनाळी दिली. जड धूड. मंजिरीने त्या मोडक्या मनगटावर सगळा राउंड मारला. दर बाराला ओठ चावत होती म्हणे. मी ॲम्ब्युलन्समध्ये होतो. एका थाळीने टीम हुकली. रिझर्व्ह.
कारणे: १) वारा. २) आजच डेलाइट सेव्हिंग सुरू झालं, माणसाची एक तासाची झोप जाते. ३) नाडाछडी चायनीज असावी.

सोमवार, ६ ऑक्टोबर.
क्लबच्या कमिटीने मंजिरीला विचारलं, खिट्टी कुणी बसवली. मला वाटलं, बायको आहे, सांभाळून घेईल. तिने सरळ माझं नाव सांगितलं. बंदूक गनस्मिथकडे गेली. तिला लेखी वॉर्निंग, मला ग्राउंडवर वर्षभर बंदी. घाबरले मला.
घरी आल्यावर तिने कुकर फरशीवर आपटला. मग ताटं. मग तो पूजेचा पाट उचलून भिंतीवर असा हाणला की प्लास्टर पडलं. मैथिली खोलीचं दार लावून रडत होती. मी म्हणालो, अगं, थाळी तर फुटली ना पहिली. तांब्या कानाजवळून गेला.
मला तिची भीती वाटली. हे इथेच लिहितो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.
टीममधल्या एकीला फ्लू झाला! शनिवारी कॅनबेराला इंटरस्टेट मॅच आहे, मंजिरी खेळणार! गनस्मिथने बंदूक कंपनीची खिट्टी लावून परत दिली. स्टीलची. असो.
माझा प्लॅन तयार. ग्राउंडच्या कुंपणाबाहेर गाडी उभी करायची, दुर्बीण लावायची आणि फोनवरून सूचना द्यायच्या. कुंपणाबाहेर बंदी चालत नाही.
मंजिरी आज आठवड्याने माझ्याशी बोलली. म्हणाली, तुझ्या दातांची अपॉइंटमेंट घेतलीये, शनिवारी सकाळी, पूर्ण भूल देऊन, पैसे भरलेत, बदलता येणार नाही. एवढी मोठी मॅच तोंडावर आणि हिला माझ्या दातांची काळजी! शेवटी बायको ती बायकोच.

शनिवार, १८ ऑक्टोबर. रात्र.
दोन दात बसवले. तोंड अजून बधिर. शुद्धीवर आलो तेव्हा मॅच संपली होती.
मैथिली आईबरोबर गेली होती, तिचा फोन आला. मंजिरीने एकही थाळी सोडली नाही. आयुष्यातला बेस्ट स्कोअर. मेडल मिळालं, माइकवर बोलायला लावलं. मी विचारलं, कुणाकुणाचे आभार मानले? म्हणाली, कादंबरीताईंचे, मनगटाच्या फिजिओचे आणि तुमच्या डेंटिस्टचे. सगळे पोट धरून हसले म्हणे.
मी विचारलं, आणि माझ्याबद्दल काय म्हणाली?
मैथिली म्हणाली, दॅट वॉज द बिट अबाउट यू, बाबा.
भुलीचं औषध डोळ्यांतून उतरतं, असं लिहिणार होतो. तसं काही नसतं. रडलो.